मेमरीची चौथी पट्टी

लॅपटॉप हळू चालतो अशी तक्रार मी कधीच केली नव्हती. मी स्वतःही हळूच चालतो. सकाळी त्याचं बटण दाबायचं, मग कॉफी ठेवायची, खाली जाऊन पाव आणायचा, लिफ्ट बंद असेल तर सात मजले चढून यायचं, धापा टाकत खुर्चीत बसायचं, आणि तोवर तोही धापा टाकत तयार झालेला असायचा. अकरा वर्षं आमचं असं गुण्यागोविंदानं चाललं होतं. आमच्यात भांडण लावलं ते नगरपालिकेनं.

झालं असं, की शहराबाहेर नदीकाठी ज्या बागा आहेत, त्यांची जमीन नगरपालिकेची. आम्हा इमारतीत राहणाऱ्या लोकांना तिथे एकेक तुकडा भाड्यानं मिळालेला आहे. नवा करार हवा असेल तर एकतीस मार्चच्या आत अर्ज करा, आणि तोही फक्त संगणकावरून, असं पत्र फेब्रुवारीत आलं. पत्र मात्र कागदावर आलं. जो अर्ज करणार नाही त्याचा तुकडा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीत चौऱ्याऐंशी माणसं, आणि चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी आमच्या मरणाकडे डोळे लावून बसलेली.

आमचा तुकडा सदतीस नंबरचा. त्यात कांदे आहेत, करवंदाएवढ्या बेरींची झुडपं आहेत, एक लाकडी झोपडी आहे, आणि एक सफरचंदाचं झाड आहे. झाड माझ्या सासऱ्यांचं. त्यांनी एकाच खोडावर चार जातींची कलमं बांधली होती, म्हणजे ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत एकाच झाडाखाली उभं राहून खात राहायचं. पाचवं कलम पुढच्या वसंतात बांधू म्हणाले आणि त्यासाठी एक फांदी छाटून तयार ठेवली. वसंत आला, ते आले नाहीत. ती रिकामी फांदी गेली अठरा वर्षं तशीच आहे. माझी बायको मार्गिता तिला कुणाला हात लावू देत नाही. तेव्हा अर्ज चुकवणं हा पर्याय आमच्या घरात नव्हता.

आधी मी सरळ मार्गानं नगरपालिकेत गेलो. खिडकीत बसलेल्या बाईंच्या पुढ्यात चार कुंड्या आणि एक संगणक होता.

"सगळं आता संगणकावर झालंय," त्या म्हणाल्या. "तुमच्याच सोयीसाठी."

"मग तुमच्या संगणकावर करू या ना. हा काय समोरच आहे."

"हा माझा नाही, कार्यालयाचा आहे."

"मग मी कागदावर लिहून देतो."

"कागद घ्यायला आता आमच्याकडे जागा नाही. आणि हे बघा, अर्ज झाला की तुमच्या बागवसाहतीच्या अध्यक्षांनी पंधरा एप्रिलपर्यंत तो संगणकावरूनच मान्य करायचा आहे. अर्ज झाल्याची पावती मात्र छापून इथे आणून द्या."

"ती ठेवायला जागा आहे?"

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुंडीतलं एक पिवळं पान काढलं आणि "पुढचे" म्हणाल्या.

वाचनालयात संगणक होता, पण आपलं ओळखपत्र ज्या डबीत खुपसायचं असतं ती डबी जोडायला तिथे बंदी. परदेशात ग्राट्स शहरात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलानं, तिबोरनं, ती डबी नाताळात आमच्या लॅपटॉपला जोडून दिली होती आणि जाताना बजावलं होतं, "बाबा, आता याला हात लावू नका." म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच लॅपटॉपवर. तिबोर म्हणाला, नवा पाठवतो. मार्गिता म्हणाली, "चालता माणूस आपण टाकतो का? मग चालतं यंत्र कशाला टाकायचं?" हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी विरोध केला नाही.

चौदा मार्चला सकाळी मी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि अर्जाला बसलो. अर्जाच्या माथ्यावर लाल आकडा होता, वीस मिनिटं. तो लगेच उलटा पळायला लागला. पहिलं पान दिसायला नऊ मिनिटं लागली. आता माझीही एक अडचण आहे. मी अक्षरं शिकलो ती सैन्यात, एकविसाव्या वर्षी. त्याआधी डोंगरात मेंढ्यांमागे होतो, आणि मेंढ्यांना वाचून दाखवण्यासारखं काही नसतं. त्यामुळे वाचताना माझं बोट ओळीखाली सरकतं आणि टंकताना तेच एक बोट कामाला येतं. नाव, जन्मतारीख, पत्ता, तुकड्याचा नंबर इथवर मी पोचलो. पुढे विचारलं होतं, जमिनीवर बागकामाव्यतिरिक्त अन्य कोणता उद्योग करता का? मी बोट ओळीखाली ठेवून तेवढं वाचलं आणि पडद्यावर अक्षरं आली: आपली वेळ संपली आहे. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत.

असं त्या दिवशी पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मी संयम दाखवला नव्हता, तरी त्यांनी आभार मानले.

आमच्या इमारतीत बातमी लिफ्टपेक्षा लवकर खाली पोचते. लिफ्टपेक्षा म्हणण्यात फारसा अर्थ नाही म्हणा. दुसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावरच्या क्रुपोव्हाबाई खसखस भरलेली गोड गुंडाळी घेऊन आल्या. मार्गितानं त्यांना दारात सपाता दिल्या, त्या आत आल्या आणि लॅपटॉपकडे आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं बघू लागल्या.

"शेजारी, याला वारा लागत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या भाचीनं तिचा खिडकीत ठेवला आणि तो वाऱ्यासारखा पळायला लागला."

"मग आता?"

"आता काय. खिडकीतून पडला. पण पडेपर्यंत उत्तम चालत होता."

सपातांबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या घरात काहीही करण्याआधी त्या कराव्या लागतात. बूट दाराबाहेर आणि पाय सपातांत हा आमच्याकडे सगळ्यांचाच रिवाज आहे, पण मार्गितानं नोकरीची सत्तावीस वर्षं एका जुन्या गढीच्या संग्रहालयात काढली. तिथे लाकडी जमिनीला ओरखडा पडू नये म्हणून येणाऱ्या प्रत्येकाच्या पायात मोठ्या मऊ सपाता चढवायच्या, हेच तिचं काम. मंत्री येवो, बिशप येवो, सपाता घातल्याशिवाय तिनं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. निवृत्तीनंतर ती जमीन नाही, तर निदान सपाता तरी हव्यात म्हणून तिनं नकली लोकरीच्या बारा जोड्या शिवल्या. दाराशी टोपलीत त्या नंबरवार असतात. त्या घातल्या की गालिच्यावरून चालता येत नाही, घसरत जावं लागतं. शिवाय आमच्या इमारतीला घरं उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ शहरातून येतात आणि बाहेर ऊन पडलं तरी पंधरा एप्रिलपर्यंत ते तापलेलेच असतात, त्यामुळे घरातली हवा पापडासारखी सुकलेली. दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, नळाला लावला की बसतो, मार्गिताला लावला तरी बसतो. मी एकदा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या वयात बसत असेल तर नशीबवान आहात.

असो. सल्ल्यांच्या गर्दीत एकच माणूस खरा कारागीर होता. चौथ्या मजल्यावरचे रुडॉल्फ शिमचाक. चाळीस वर्षं सरकारी वर्कशॉपात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी आमचं दुखणं जिन्यातच ऐकून निदान केलं.

"मेमरी कमी आहे. वाल्को, असं समजा, बाई सुगरण आहे, पण ओटा वीतभर. एक पातेलं ठेवायचं तर दुसरं उचलावं लागतं. ओटा मोठा करा, बाई तीच राहू दे."

हे मार्गितालाही पटलं. आमचा ओटा खरंच वीतभर आहे, आणि ती एकोणीसशे ब्याऐंशीपासून मला हेच सांगते आहे.

मी चाकांच्या बाजारपिशवीत लॅपटॉप घातला आणि दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी तो उलटा केला, खालचे आकडे वाचले आणि माझ्याकडे जरा आदरानं बघितलं. "असा अजून कुणाकडे आहे हे मला माहीत नव्हतं," म्हणाल्या. आतून एक पट्टी आणून दिली, च्युइंगगमच्या पाकिटाएवढी. चकचकीत पिशवीत होती आणि सोबत एक घडी घातलेला कागद, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेला.

शिमचाक हत्यारांची पेटी घेऊन वर आले. दारात मार्गिता सात नंबरचा जोड घेऊन उभी.

"वहिनी, मी कामाला आलोय. पाच मिनिटांचं काम."

"बिशपही पाचच मिनिटांसाठी आले होते."

शिमचाकांनी सपाता घातल्या आणि गालिच्यावरून घसरत घसरत टेबलापर्यंत आले. लॅपटॉप उलटा करून त्यांनी पहिला स्क्रू बघितला, आणि आमच्या देशातला प्रत्येक कारागीर जे वाक्य बोलून कामाला सुरुवात करतो, ते बोलले.

"हे आधी कुणी उघडलं होतं?"

मी टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागलो.

"नाही, मला फक्त नाव सांगा. स्क्रूचं डोकं बघा कसं खाल्लंय. हा माणूस कारागीर नव्हे, खाटीक."

"दोन वर्षांपूर्वी तुम्हीच उघडला होता. बिजागरी सैल झाली होती तेव्हा."

शिमचाकांनी स्क्रू पुन्हा निरखला. "हं. पण तेव्हा हत्यार चांगलं नव्हतं," म्हणाले.

सोबतचा कागद मी त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो खिडकीच्या काचा पुसायला उत्तम म्हणून मार्गिताकडे दिला. मग त्यांनी स्लिवोवित्साची बाटली मागितली. पट्टीचे पितळी दात दारूनं पुसले की चांगली पकड येते म्हणे. एक थेंब पट्टीला लावला आणि दात पुसल्यावर उरलेला पेला वाया जाऊ नये म्हणून त्याचीही सोय केली. जुनी पट्टी काढली, नवी बसवली, बटण दाबलं. लॅपटॉपनं तीनदा बारीक आवाजात टीं टीं टीं केलं आणि पडदा काळा राहिला.

"दुकानानं मेलेला माल दिला," शिमचाक म्हणाले. जुनी पट्टी परत बसवली. लॅपटॉप नऊ मिनिटांनी, नेहमीसारखा, कण्हत उठला.

दुकानातल्या बाई चांगल्या निघाल्या. काही न बोलता त्यांनी पट्टी बदलून दिली. शिमचाक पुन्हा आले, सात नंबर घालून पुन्हा घसरत टेबलापाशी आले, पुन्हा एक थेंब, पुन्हा टीं टीं टीं. आणि या वेळी जुनी पट्टी परत बसवली तर तिनंही टीं टीं टीं केलं.

म्हणजे आता माझ्याकडे हळू लॅपटॉपही नव्हता. मी आगीतून फुफाट्यात पडलो होतो आणि तारीख होती बावीस मार्च.

तिसऱ्या वेळी दुकानात गेलो तेव्हा बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"आजोबा, खरं सांगा. तुम्ही या पट्ट्या सूपमध्ये उकळता का?"

मी म्हटलं, माझ्याकडे उत्तम कारागीर आहे. त्या म्हणाल्या, तेच विचारते आहे. आता तक्रारअर्ज भरावा लागेल, कायद्यानं तीस दिवसांत उत्तर मिळेल. मी एकतीस मार्चचं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण तीस दिवसांचे नऊ करणं त्यांच्या हातात नव्हतं. एकाच आठवड्यात बारीक अक्षरांतले दोन कागद झाले होते, आता वर हा तक्रारअर्ज घेऊन मी घरी परतलो. वाटेत लिफ्टमध्ये क्रुपोव्हाबाई भेटल्या.

"दोन्ही गेल्या? आणि जुनीही?" त्यांनी आवाज खाली आणला. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. "मी काही म्हणत नाही. पण बागांच्या प्रतीक्षा यादीत पहिलं नाव कुणाचं आहे, ठाऊक आहे ना? शिमचाकांच्या मुलीचं."

त्या सहाव्याला उतरल्या. मी सातव्यापर्यंत एकटा होतो, आणि एवढा एक मजला माणसाचं डोकं फिरायला पुरतो.

संध्याकाळी शिमचाक स्वतःहून चौकशीला आले. सपाता घालून आमच्या सोफ्यावर बसले. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"शिमचाक, यादीत पहिला नंबर तुमच्या मुलीचा आहे?"

"आहे."

"आणि माझ्या तिन्ही पट्ट्या तुमच्याच हातून गेल्या."

शिमचाकांनी पेला खाली ठेवला. भरलेला होता. तेवढ्यावरूनच मला समजायला हवं होतं.

"माझ्या मुलीचा पहिला नंबर आहे, म्हणूनच मी आलो," ते म्हणाले. "आलो नसतो तर अख्ख्या इमारतीनं म्हटलं असतं, बघा, मुद्दाम आला नाही. आता आलो, तर तुम्ही म्हणता, मुद्दाम आला. चाळीस वर्षांत लोकांनी मला आळशी म्हटलं, महागडा म्हटलं. चोर कुणी म्हटलं नव्हतं."

ते उठले, ताठ मानेनं घसरत दारापर्यंत गेले आणि दार लावून निघून गेले. रागाच्या भरात घसरत जाणं सोपं नसतं, त्यांनी ते इभ्रतीनं केलं. दारात त्यांचे बूट तसेच होते.

मार्गिता टोपलीशी गेली. "सात नंबर घेऊन गेले," ती म्हणाली.

"वाचवायचंय ते तुझ्या बापाचं झाड, आणि तुला सपातांची पडलीये."

"झाड माझ्या बापाचं आहे हे तुला आज आठवलं. आणि चांगल्या माणसाला चोर म्हणताना काय आठवत होतं?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री जेवणात मला फक्त पावाचा तुकडा आणि थंड मासळीचं सॅलड मिळालं. सॅलड माझं आवडतं आहे, पण तिनं ते ताटात न वाढता दुकानातल्या डब्यातच पुढे ठेवलं होतं.

अठ्ठावीस तारखेला मी पुन्हा स्वतःच्या पैशांनी शेवटची, म्हणजे चौथी पट्टी विकत घेतली. बाईंनी ती देताना "देव तिचं भलं करो" म्हटलं. ती मी स्वतःच बसवणार होतो, काय व्हायचं ते होवो. बसस्टॉपवर आलो तर माझी बस नुकतीच गेलेली, पुढची चाळीस मिनिटांनी. बाकड्यावर बसलो. वर्तमानपत्र नव्हतं. पिशवीत वाचण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो मुंगीच्या पावलांचा कागद.

मी तो उलगडला. चौदा भाषा होत्या. आमची अकरावी निघाली. मी बोट ओळीखाली ठेवलं आणि सुरुवात केली. ज्यांना लहानपणापासून वाचता येतं, ते ओळ बघतात आणि पुढे जातात. मला तसं जमत नाही, मला प्रत्येक अक्षरापाशी थांबावंच लागतं. सहाव्या ओळीशी बोट थांबलं. ती मी दोनदा वाचली.

गालिच्यावर उभे राहून पट्टीला स्पर्श करू नये. नकली लोकरीची पादत्राणे घालू नयेत. कोरड्या हवेत चालताना अंगात साठलेली वीज बोटांतून पट्टीत उतरून ती कायमची निकामी होते. आधी जमिनीशी जोडलेल्या उघड्या धातूला हात लावावा.

सपाता आल्यापासूनचे एकोणीस वर्षांचे चटके मला त्या बाकड्यावर एकदम समजले. बस आली आणि गेली. मी तसाच चालत घरी आलो, शिमचाकांचे बूट उचलले आणि चौथ्या मजल्यावर गेलो. शिमचाकांनी दार उघडलं. पायात सात नंबर होत्या.

"बूट आणलेत," मी म्हटलं.

"ठेवा तिथे."

"माझं चुकलं. आणि हे जरा ऐका." मी दारातच उभा राहून, बोट धरून, सहावी ओळ वाचून दाखवली. वेळ लागला. त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं वाचून झाल्यावर ते स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

"वर्कशॉपात माझ्या टेबलाला जमिनीची तार होती," ते हळू आवाजात म्हणाले. "मनगटाला बांधायचो रोज. चाळीस वर्षं. नव्या पोरांना शिव्या घालायचो, तार बांधली नाही म्हणून." मग त्यांनी सपाता काढून हातात घेतल्या. "पण वाल्को, या घातल्या की माणूस पाहुणा होतो. कारागीर राहतच नाही. डोकंही दारातच काढून ठेवतो बुटांबरोबर."

"म्हणजे तिन्ही पट्ट्या..."

"मीच मारल्या. तुम्ही म्हणालात ते खरंच होतं, फक्त मुद्दाम नाही."

आता प्रश्न होता, काम करायचं कुठे. शिमचाकांकडे गालिचा, आमच्याकडे गालिचा, सगळ्या इमारतीत एकाच कारखान्याचा गालिचा, पंच्याऐंशी साली सवलतीत आलेला. मी मार्गिताला भीत भीत विचारलं, शिमचाक अनवाणी आत आले तर?

"अनवाणी? माझ्या घरात?" ती म्हणाली. "उद्या तो मेला तर लोक म्हणतील, वाल्कोंनी पाहुण्याला सपातासुद्धा दिल्या नाहीत."

म्हणून एकोणतीस तारखेला सकाळी शिमचाक आणि मी सदतीस नंबरच्या तुकड्यावर गेलो. सफरचंदाखाली लाकडी बाकावर लॅपटॉप ठेवला, शेजारीच हातपंप, लोखंडी, नऊ मीटर जमिनीत गेलेला. बूट काढले, मोजे काढले. मार्चमधली आमची माती म्हणजे बर्फाची धाकटी बहीण. शिमचाकांनी डावा हात पंपाला धरला, उजव्या हातात पट्टी धरली आणि दातांत स्क्रू धरला.

"हे आधी कुणी उघडलं होतं?" मी विचारलं.

"मला हसवू नका, स्क्रू गिळेन."

कुंपणापलीकडे कुणीतरी खाकरलं. वसाहतीचे अध्यक्ष उभे होते, इंजिनिअर पेतेर्का. नावाआधी इंजिनिअर लावल्याशिवाय त्यांना हाक ऐकू येत नाही. एका हातात कुंपणं मोजायची घडीची पट्टी आणि दुसऱ्या हातात वही. त्यांनी आमचे पाय पाहिले, पंप पाहिला, लॅपटॉप पाहिला.

"वाल्को, हे काय आहे?"

"दुरुस्ती, इंजिनिअरसाहेब."

"कलम चौदा. जमिनीवर बागकामाशिवाय अन्य उद्योग चालवण्यास मनाई. यंत्रदुरुस्ती हा अन्य उद्योग आहे." त्यांनी वहीत लिहिलं, तारीख, वेळ, आणि सर्वांच्या माहितीसाठी, "दोघेही अनवाणी."

"साहेब, हा अर्ज भरण्यासाठीच चाललंय सगळं."

"अर्ज भरा. मान्य करायचा की नाही, ते मी बघेन." आणि ते अडतीस नंबरचं कुंपण मोजायला गेले.

पट्टी बसली. बटण दाबलं. टीं झालं नाही. मी पंपावर हात ठेवून आकडे मोजले. चाळीस झाले नाहीत तोच पडदा उजळला, आणि तिबोरचा लहानपणीचा फोटो, जो यायला एरवी पाव आणेपर्यंत वेळ लागायचा, तो समोर आला. शिमचाकांनी पायांची बोटं दुमडून मातीत थोडी खोल रोवली.

त्याच दिवशी दुपारी घरी, पायात चार नंबर, मी अर्जाला बसलो. पान आलं आणि लाल आकड्यात अजून एकोणीस मिनिटं होती. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. अन्य उद्योगाच्या प्रश्नाशी आलो तेव्हा नऊ मिनिटं उरली होती, त्यातली चार मार्गितानं आणि मी वाद घालण्यात घालवली. "एकदाच केलं, उद्योग कसला?" ती म्हणाली. "पेतेर्कानं लिहून ठेवलंय," मी म्हटलं. शेवटी मी नाही असं लिहिलं, आणि अर्ज गेला. पावती आली. छापून नगरपालिकेत नेऊन दिली. त्या बाईंनी ती कुंडीखाली ठेवली, पाणी टेबलावर उतरू नये म्हणून.

अर्ज वेळेत गेला होता खरा, पण मान्यता पेतेर्कांच्या हातात, आणि पेतेर्कांच्या हातात ती वही. दिवसामागून दिवस गेले. मी रोज लॅपटॉप उघडून बघायचो, "अध्यक्षांच्या मान्यतेच्या प्रतीक्षेत." आता लॅपटॉप इतका लवकर उघडायचा, की वाईट बातमीही दिवसातून दहा वेळा मिळायची. मार्गिता बागेत जायची, पण झाडाला पाणी घालून लगेच परत यायची. बसायची नाही.

सहा एप्रिलला संध्याकाळी बेल वाजली. दारात इंजिनिअर पेतेर्का, काखेत एक लॅपटॉप, आमच्या लॅपटॉपहून जाड.

"वाल्को," ते म्हणाले, आणि लॅपटॉप दुसऱ्या काखेत घेतला. "मला एकशे बारा अर्ज मान्य करायचे आहेत. प्रत्येकाला वीस मिनिटं मिळतात. माझ्याकडे ते पान उघडायलाच चोवीस लागतात." त्यांनी खिशातून चकचकीत पिशवी काढली. "पट्टी आणली आहे. दुकानातल्या बाई म्हणाल्या, स्वतः बसवू नका, वाल्को नावाच्या आजोबांना विचारा, त्यांना सगळ्या चुका माहीत आहेत."

मार्गिता टोपलीतून नऊ नंबरचा जोड घेऊन पुढे आली.

"सपाता राहू दे, मार्गिता," मी म्हटलं. "इंजिनिअरसाहेबांना उद्या सकाळी आठला सदतीस नंबरवर यायला सांग. आणि मोजे साधे घाला म्हणावं, काढायला सोपे पडतात."

दुसऱ्या दिवशी आठला पेतेर्का सफरचंदाखाली उभे होते, विजार घोट्यापर्यंत दुमडलेली, पांढरे पाय मातीत, हात पंपावर. शिमचाकांनी लॅपटॉप उलटा केला, पहिला स्क्रू बघितला आणि मान वर केली.

"इंजिनिअरसाहेब, हे आधी कुणी उघडलं होतं?"

"माझ्या जावयानं."

"वाटलंच. खाटीक."

एक्केचाळीस नंबरचा माणूस कुदळ खांद्यावर टाकून कुंपणापाशी थांबला. अध्यक्षांना अनवाणी पाहून त्यानं टोपी जरा मागे सरकवली. "इंजिनिअरसाहेब, काय चाललंय इथे?"

पेतेर्कांनी मोकळ्या हातानं वही काढली. एकोणतीस मार्चचं पान काढलं, बाकावर ठेवून त्यातली एक ओळ खोडली आणि तिच्यावर नीट अक्षरांत काही लिहिलं. मग त्या माणसाकडे न बघता म्हणाले, "जमिनीची तपासणी."

आमची मान्यता त्याच दिवशी दुपारी आली. मार्गितानं पडद्यावरची ओळ स्वतः वाचली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून वडिलांची कलमाची सुरी काढली. पाचवं कलम तिनं त्याच आठवड्यात बांधलं. कोणत्या जातीचं ते मला सांगत नाही, फळ आलं की कळेल म्हणते. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, पण आता घाई नाही, निदान लॅपटॉपकडून तरी नाही.

अर्थात कलम बांधून झाल्यावर तिनं झोपडीच्या दारात एक नवी टोपली ठेवली. तीन जोड आहेत, माझा, शिमचाकांचा आणि अध्यक्षांचा. आत अजून गालिचा नाही, पण क्रुपोव्हाबाईंकडे एक जुना पडून आहे असं ऐकतो.